गळालेल्या केसाच्या टोकाला पांढरी गाठ दिसते, म्हणजे मूळ मेलं का?

बाळ तीन महिन्यांचं झालं आणि केस मुळासकट यायला लागले, असं तुम्ही लिहिलंय. मुळासकट नाही हो! मूळ डोक्यातच आहे.

डोक्यावरचा केस साधारण दोन ते सहा वर्षं वाढतो. मग दोन-तीन आठवड्यांत रोमकुपाचा, म्हणजे केस ज्या पिशवीतून उगवतो तिचा, खालचा बराचसा भाग स्वतःला संपवतो. तिथल्या पेशी आपल्याच डीएनएचे तुकडे करतात, आक्रसतात आणि शेजारच्या पेशी त्यांना गिळून टाकतात. ना सूज, ना पू. हेच ॲपॉप्टोसिस. वाढ थांबवण्याचा इशारा देण्यात एफजीएफ-५ या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. त्याचं जनुक बिघडलं की केस नेहमीपेक्षा जास्त काळ वाढत राहतो. लांब केसांच्या बऱ्याच मांजरांची शोभा या बिघाडाचीच कृपा!

या पडझडीतून वाचतात ते दोघे: रोमकुपाच्या वरच्या फुगीर भागातल्या मूळपेशी (नव्या पेशी तयार करणाऱ्या) आणि तळाचा डर्मल पॅपिला, म्हणजे केसाला वाढीचे इशारे देणारा पेशींचा पुंजका. पॅपिलाच्या पेशींत मरण रोखणारं बीसीएल-२ हे प्रथिन असतं. रोमकूप आखडतो तसा पॅपिलाही वर सरकून मूळपेशींजवळ येतो. दोघांचे संदेश जुळले की नवा केस सुरू. ‘हेअरलेस’ नावाचं जनुक बिघडलेल्या उंदरांत पॅपिला खालीच अडकतो. पहिले केस गळतात आणि पुन्हा येतच नाहीत. माणसातला असा बिघाड १९९८ साली पाकिस्तानातल्या एका कुटुंबात सापडला.

आता तुमची गाठ. मरणाचा हा टप्पा सुरू होताना रंग तयार होणं आधी थांबतं, म्हणून केसाचं मुळाकडचं टोक पांढरं. हाताला ते कोरडं, गुळगुळीत लागेल. वाढता केस उपटलात तर टोक काळपट आणि भोवती ओलसर, चिकट आवरण दिसेल.

गरोदरपणात इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे पुष्कळ केस वाढीच्या टप्प्यातच टिकून राहतात. बाळंतपणानंतर ते एकदमच वाढ थांबवून विश्रांतीत जातात आणि दोन-चार महिन्यांनी एकदमच गळतात. कंगवा भरलेला पाहून धसका बसतो खरा, पण बहुतेकींचे वर्षभरात पूर्ववत होतात. तेल बदलून यात काही फरक पडत नाही, उगाच खर्च करू नका. मात्र चट्टे पडले, भांग रुंदावत चालला किंवा वर्ष उलटूनही गळणं थांबलं नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. थायरॉइड आणि लोह तर आताही तपासून घ्यायला हरकत नाही.