मुद्दाम हरू नका, घोडा काढून ठेवा

तुम्ही बुद्धिबळाच्या क्लबात खेळलेले, मुलगी १० वर्षांची. ती दर डाव हरते आणि आता पट मांडायलाच तयार होत नाही, तेव्हा अधूनमधून तिला मुद्दाम जिंकू द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नको. मी लहान मुलांना बुद्धिबळ शिकवतो. समोरचा खोटं खेळतोय हे मुलांना फार लवकर कळतं, आणि ते कळलं की नंतरच्या खऱ्या विजयावरही त्यांचा विश्वास बसत नाही. त्यापेक्षा डाव सुरू होण्याआधी, तिच्यादेखत, आपला वजिराकडचा घोडा उचलून डब्यात ठेवा आणि मग जीव तोडून खेळा. ती जिंकली तर तो विजय तिचाच.

ही पद्धत जुनी आणि मानाची आहे. १९व्या शतकात लंडन-पॅरिसच्या कॅफेंमध्ये पैजेचे डाव चालत, तेव्हा वरचढ खेळाडूनं सवलत देणं ही रोजची गोष्ट होती. त्या काळचा नामांकित अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी यानं १८५९ साली युरोपातून अमेरिकेत परतल्यावर जाहीर केलं की एक प्यादं आणि पहिली चाल देऊन आपण कोणाशीही खेळू. आव्हान घ्यायला कोणी पुढे आलं नाही. अलीकडे, २००१ मध्ये, माजी जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह लंडनमध्ये टेरेन्स चॅपमन या हौशी खेळाडूशी प्रत्येक डावात दोन प्यादी कमी घेऊन चार डाव खेळला आणि २.५-१.५ असा जिंकला. चॅपमननं एक डाव जिंकला, एक बरोबरीत सोडवला. सरळ खेळात हे जवळपास अशक्यच होतं.

आता सवलत किती द्यायची? सर्वांत लहान सवलत म्हणजे तिला पांढरी मोहरी द्यायची आणि आपलं एफ-७ वरचं, म्हणजे राजाच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं काढायचं. नेमकं तेच का? कारण त्या घराला सुरुवातीला फक्त राजाचं संरक्षण असतं. ते प्यादं गेलं की राजाकडे जाणारा तिरपा रस्ता उघडतो आणि पहिल्या चालीपासून सांभाळून खेळावं लागतं. त्यावरची पायरी म्हणजे तेच प्यादं काढून तिला सुरुवातीला लागोपाठ दोन चाली द्यायच्या. मग घोडा, मग हत्ती, आणि अगदी नवशिक्यासाठी वजीर. वजीर काढून खेळणं मला मात्र फारसं आवडत नाही, कारण मूल सगळा डाव एकट्या वजिराच्या जोरावर ओढतं आणि बाकीची मोहरी जागची हलत नाहीत.

घोड्यापासून सुरुवात करा. ती लागोपाठ तीन डाव हरली तर हत्तीवर जा, तीन जिंकली तर दोन चालींच्या सवलतीवर या. हा नियम आधीच ठरवून वहीत लिहा, म्हणजे सवलत कमी होणं हीच तिची बढती ठरेल.

घड्याळाची सवलत, म्हणजे तुम्हाला ५ मिनिटं आणि तिला १५, मोठ्यांमध्ये छान चालते. मुलांच्या बाबतीत मला ती दुय्यम वाटते. सवयीचा खेळाडू ५ मिनिटांतही नवख्याला सहज गुंडाळतो, शिवाय तुमची घाई बघून तीही भराभर खेळायला लागते. मोहरं काढल्यानं तिला वेगळीच गोष्ट शिकता येते: एका मोहऱ्यानं पुढे असताना मारामारी करून पट मोकळा करायचा आणि शेवटी ते जादा मोहरं कामाला लावायचं. हे एकदा हाताला बसलं की जन्मभर उपयोगी पडतं.

बुद्धिबळातली सवलत थोडी ओबडधोबड असते, हेही खरं. शोगी या जपानी बुद्धिबळात मारलेली मोहरी पुन्हा पटावर उतरवता येतात, त्यामुळे नुसत्या अदलाबदलीनं डाव आटपत नाही आणि मोहरी काढून खेळायची परंपरा तिथे अजून जिवंत आहे. 'गो' या सोंगट्यांच्या पटाच्या खेळात तर कमकुवत खेळाडूला २ ते ९ सोंगट्या आधीच मांडायला मिळतात, म्हणजे पायऱ्या बारीक करता येतात. आपल्याकडे एक प्यादं आणि एक घोडा यांच्यात मोठी दरी आहे. ती भरायला मी बरोबरीची सवलत वापरतो: तुम्ही एफ-७ वरचं प्यादं काढून खेळायचं आणि डाव बरोबरीत सुटला तरी विजय तिचा धरायचा. त्यामुळे तिला बचाव करण्यातही गोडी वाटू लागते.

हत्तीवर जाल तेव्हा दोन गोष्टी आधी ठरवून घ्या, नाहीतर ऐन डावात वाद होतो. जुन्या प्रथेत वजिराकडचा हत्ती काढला की त्याच्या पुढचं प्यादं एक घर पुढे ठेवत, कारण मागे कोणी नसल्यानं ते उघडं पडतं. आणि हत्ती नसलेल्या त्या बाजूलाही राजाला कॅसलिंगसारखी (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवतात तशी) दोन घरं सरकू देत. तुमच्या घरात हे चालेल की नाही, ते तिलाच ठरवू द्या.