कलमे पिवळी पडण्याचे कारण खतात नव्हे, खरवडलेल्या मातीत शोधावे

काटोलकडील उताराच्या वावरात आपण जेसीबीने सपाटीकरण करून घेतले, त्यात संत्र्याची कलमे लावली, दुसऱ्या वर्षी ती पिवळी पडली आणि आता कोणते खत द्यावे, असे आपण विचारले आहे. आपला मजकूर मी दोनदा वाचला, कारण २०१६ च्या मे महिन्यात कळमेश्वर तालुक्यातील माझ्या तीन एकरांत मी नेमके हेच केले होते. मी कृषितज्ज्ञ नाही. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो आणि वडिलोपार्जित वावर सांभाळतो. त्यामुळे पुढील मजकूर हा एका शेतकऱ्याचा अनुभव समजावा आणि खर्चाचा निर्णय जाणकाराला वावर दाखवूनच घ्यावा.

पाणी, ताण, डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) या गोष्टी आपण पाहिल्याच असतील, म्हणून त्यांत शिरत नाही. माझी चूक सपाटीकरणाचीच होती. उताराच्या वरच्या अंगाची काळी माती यंत्राने ओढून खालच्या कोपऱ्यात लोटली आणि वावर दिसायला अगदी सारखे झाले. वर जे उघडे पडले ते फिकट, राखाडी होते आणि त्यात चुनखडीचे पांढरे खडे होते. ओली झाली की ही मातीही काळी होईल, असे मी धरून चाललो. नागपूरच्या पश्चिमेला आपली जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलेली आहे. तो झिजून वरचा सुपीक थर तयार व्हायला शेकडो-हजारो वर्षे लागतात. यंत्राने तो चार दिवसांत काढला. सेंद्रिय पदार्थ, गांडुळे, सूक्ष्म जीव आणि मुळांना सहज मिळणारे अन्न यांचा मोठा वाटा त्या वरच्या वीतभरातच असतो. मी ३३० कलमे लावली ती त्याच्याखालच्या थरात.

आता ज्या गोष्टीने माझी तीन वर्षे खाल्ली, ती सांगतो. पाने पिवळी पडल्यावर मी एका कार्यालयात गेलो. तेथे माझी मृदा आरोग्य पत्रिका पाहून, सर्व काही मध्यम आहे, खताची मात्रा वाढवा, असे सांगण्यात आले. मी चार वेळा खेटे घातले, पण वावरात कोणीही आले नाही. पुढे कळले की त्या पत्रिकेसाठीचा मातीचा नमुना सपाटीकरणाच्या आधीचा होता आणि शेजारच्या धुऱ्यापलीकडून (बांधापलीकडून) घेतलेला होता. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या सरकारी योजनेत बागायतीसाठी अडीच हेक्टर आणि कोरडवाहूसाठी दहा हेक्टरांच्या चौकटीमागे एक नमुना घेण्याची पद्धत होती, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. योजना वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु समोरचा माणूस दर वेळी तेच पीक, तीच जमीन आणि तेच दुःख घेऊन येतो, तेव्हा निदान एकदा उठून त्याच्या वावरात जावे, एवढी अपेक्षा गैर आहे असे मला आजही वाटत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की त्या पत्रिकेत बारा बाबी असतात आणि मुक्त चुन्याचे (कॅल्शियम कार्बोनेटचे) प्रमाण त्यांत नसते. संत्र्यासाठी तर ते आधी पाहायला हवे. मातीत चुना जास्त असला की लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही. आपल्या कलमांची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर संशय लोहावरच घ्यावा. नत्र कमी असेल तर आधी जुनी पाने पिवळी पडतात. मी मात्र सांगितल्याप्रमाणे स्फुरदयुक्त खत वाढवत गेलो आणि त्याने लोह व जस्त यांची ओढाताण आणखी वाढली.

शेवटी शाळेच्या प्रयोगशाळेतून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल मागून आणले आणि धुऱ्यावर बसून दोन ढेकळांवर टाकले. खालच्या कोपऱ्यातील काळ्या ढेकळावर जेमतेम चार बुडबुडे आले. कलमांच्या ओळीतील ढेकूळ मात्र सोड्यासारखे फसफसले आणि फेस बोटांपर्यंत आला. आम्लाने माती अशी फसफसते ती चुन्यामुळे; तीन वर्षांचे उत्तर अर्ध्या मिनिटात मिळाले. आपण हे करणार असाल तर हातमोजे घालावेत आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

म्हणून खताचे नाव सांगण्याऐवजी सुचवतो की ओळीच्या मध्ये कमरेइतका खड्डा खणावा, एक, दोन आणि तीन फुटांवरची माती वेगवेगळी घ्यावी आणि प्रयोगशाळेत मुक्त चुना व सेंद्रिय कर्ब आवर्जून मागावा. चुना फार निघाला तर त्या भागात संत्र्याचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हिराकस (लोहाचे सल्फेट) जमिनीत टाकून फारसे साधत नाही, कारण अशा मातीत ते लवकरच निकामी होते. फवारणीने पाने हिरवी होतात, पण तो तात्पुरता आधार आहे.

मी वरच्या अंगाची १४० कलमे काढली आणि तेथे ताग पेरून फुलावर येताच गाडला. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) जाळणे कायमचे बंद केले. तिचे तुकडे करून ओळींत अंथरतो. उताराला आडवे बांध घातले, कारण आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांतच पडतो आणि उघडी माती पहिल्या जोरदार सरीतच नाल्याला लागते. त्या भागाचा सेंद्रिय कर्ब ०.२९ टक्के होता, तो सहा वर्षांत ०.४८ झाला. आता तेथे तूर बरी येते, संत्रा नाही.

आपल्या वावरातील काळी माती अजून खालच्या कोपऱ्यात ढिगाने पडली असेल, तर मृगापूर्वी ती ट्रॉलीने वर आणून निदान उरलेल्या कलमांच्या आळ्यांभोवती पसरवावी. भाडे जड वाटेल; मलाही वाटले होते, म्हणून मी निम्मी माती वीटभट्टीला दिली. आपल्याकडे तसा निरोप आला असेल तर आजच नकार कळवावा.