कॅटलॉगवरचं नाव

प्रिय,

तुझं पत्र वाचून जीव तुटला आणि रागही आला. अकरावीतला विद्यार्थी तास संपल्यावर येऊन सांगतो, 'मॅडम, मला मुलगा म्हणून हाक मारा,' आणि तू 'बघते' म्हणतेस? बघायचं काय त्यात? त्याने परवानगी मागितली नव्हती, सांगितलं होतं. तो सांगेल तसं म्हणायचं.

कॅटलॉगवर वेगळं नाव आहे म्हणतेस. तिथलं नाव बदलायला राजपत्र लागतं, बोर्डाचे सोपस्कार लागतात. हाक मारायला काय लागतं? स्वतःची लिंगओळख ज्याची त्याने ठरवायची, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) खटल्यातल्या निकालात सांगून ठेवलंय. त्याच वर्षी आपल्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव लागलं आणि सगळ्या कॉलेजांनी लेटरहेड निमूट बदलली. एका पोराच्या वेळीच रजिस्टर आडवं येतं.

मराठीत नुसतं 'तो' म्हणून भागत नाही, हे खरं. 'काल का आली नाहीस?', 'अगं, फळ्याकडे बघ' हे तोंडात बसलेलं असतं. जीभ अडखळेल. अडखळली तर लगेच 'आला नाहीस' म्हण आणि गणित पुढे चालू ठेव. वर्गासमोर माफी मागत बसलीस की सगळ्या माना त्याच्याकडेच वळतात. आणि पालकसभेत कोणतं नाव घ्यायचं, तेही त्यालाच विचार. घरी त्याने सांगितलं नसेल तर तू सांगणारी कोण? तिथेही तो सांगेल तसंच.

मला स्टाफरूममध्ये हट्टी म्हणायचे. एका विद्यार्थिनीला मी 'ती' म्हणायचे, बाकीचे सगळे मुद्दाम 'तो'. हळूहळू ती फक्त माझ्याच तासाला येऊ लागली, मग बारावीच्या आधीच तिचं कॉलेज सुटलं. ती खंत जाणार नाही. भांडून काय मिळालं, असं अजूनही विचारतात. माझ्या तासाला ती येत होती, पहिल्या बाकावर बसत होती, हे मिळालं. मला तेवढं पुरेसं वाटतं, कुणाला पटो न पटो.

तू एकटी पडशील, माहीत आहे मला. पण उद्या त्याला त्याच्या नावाने हाक मार, प्राचार्यांच्या होकाराची वाट बघू नकोस. ते अडून बसले तर फोन कर. मी येते बोलायला.

तुझी,
मॅडम