जर्मन विमान कंपनी लुफ्थान्साने कायमची बंद म्हणून उभी केलेली ए३८० (एअरबसची दुमजली, महाकाय) विमानं परत का आणली?

मुख्य कारण बोइंगचं नवं मोठं विमान, ७७७एक्स. २०१३ साली मागणी नोंदवलेलं हे विमान रखडतच गेलं, आणि कोविड ओसरल्यावर प्रवासी मात्र अंदाजापेक्षा लवकर परतले. १४ पैकी ६ ए३८० एअरबसला विकून झाली होती. उरलेली ८ स्पेनमधल्या तेरुएलच्या कोरड्या हवेत आणि फ्रान्समध्ये उभी होती. ती हाताशी होती म्हणूनच हे जमलं! जून २०२३ मध्ये म्युनिकहून बोस्टनला पुन्हा सेवा सुरू झाली.

चार इंजिनं, त्यामुळे इंधन भरपूर लागतं. पण विमान आधीच मालकीचं, तिकिटांना चांगला भाव आणि जागा भरलेल्या असतील तर हिशेब जुळतो. मंदीत जुनी विमानं सरसकट विकून टाकणं मला म्हणूनच पटत नाही.