टँकच्या मॉडेलवर गंज, चिखल, ओरखडे सगळं करूनही तो खरा का वाटत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १/३५ प्रमाणातला टी-३४/८५ हा दुसऱ्या महायुद्धातला सोवियत रणगाडा तुम्ही नीट जोडला, हिरवा अक्रिलिक रंग दिला, मग सगळीकडे काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर फिरवणं), चंदेरी टवके (रंग उडाल्याच्या खुणा), नारिंगी गंज आणि खाली चिखल. इतकं करूनही रणगाडा लढून आलेला वाटत नाही, नुसता मळलेला वाटतो. तर कुठलं तंत्र राहून गेलं?

माझ्या मते तंत्र एकही राहिलेलं नाही, त्याआधीचा निर्णय राहिलाय. हा रणगाडा किती महिन्यांचा, कुठल्या मातीत फिरलेला, हवा कोरडी की आत्ताच पाऊस पडून गेलाय, हे आधी ठरवलं नाही की हात सगळीकडे सगळंच करत सुटतो. मग टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) छपरावर चिखल येतो, कुणी कधी पाय न ठेवलेल्या जागी टवके उडतात आणि ट्रॅकवर (चाकांभोवतीच्या पोलादी पट्ट्यावर), एक्झॉस्टवर, तोफेवर एकाच बाटलीतला गंज बसतो. पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण डोळ्याला ते जाणवतंच. मॉडेलवरच्या प्रत्येक डागाला कारण हवं, आणि ते कारण मला विचारलं तर सांगता आलं पाहिजे. मी स्वतः ब्रश उचलायच्या आधी हे दोन-तीन ओळींत लिहून काढतो.

तुमच्याच मॉडेलचं घ्या. टी-३४/८५ कारखान्यांतून बाहेर पडू लागला १९४४ च्या सुरुवातीला आणि युरोपातलं युद्ध संपलं मे १९४५ मध्ये. म्हणजे त्या युद्धातला कुठलाही टी-३४/८५ फार तर सव्वा वर्षाचा. त्याच्या हलच्या (मुख्य धडाच्या) बाजूचं चिलखत ४५ मिलिमीटर जाड. एवढं पोलाद सव्वा वर्षात सडत नाही, त्याचे पापुद्रे सुटत नाहीत. रंग उडालेल्या जागी गडद तपकिरी पातळ थर येतो, एवढंच. गंजाला खरा वाव आहे तो पातळ पत्र्यावर, म्हणजे मडगार्डच्या वाकलेल्या कडांवर, आणि मागच्या दोन एक्झॉस्ट नळ्यांवर, कारण तिथे उष्णतेने रंग टिकतच नाही. भडक नारिंगी तिथे ठेवा, तोही चिमूटभर. बाकी ठिकाणचा काढून टाका. (गाडी बदलली की हा हिशेब बदलतो. एम-११३ या अमेरिकन चिलखती गाडीचं अंग अॅल्युमिनियमचं आहे, त्यावर टवक्यांतून गंजाचे ओघळ काढणं म्हणजे धातूच चुकवणं.)

दुसरा हिशेब मापाचा. मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले ३५ मिलिमीटर. तुम्ही तीन मिलिमीटरचा टवका काढलात तर खऱ्या गाडीवर दहा सेंटिमीटरहून मोठा पोपडा निघालेला असतो. असे पोपडे कडेने रांगेत निघालेले मी कुठल्याच जुन्या छायाचित्रात पाहिलेले नाहीत. टवका जेमतेम दिसेल इतका बारीक हवा, आणि तो दिसण्यासाठी मॉडेल नाकाजवळ आणावं लागलं तरी हरकत नाही.

आता रंगाकडे. सोवियत रणगाड्यांचा हिरवा ४बीओ म्हणून ओळखला जातो. बाटलीतली छटा कितीही अचूक असली तरी लहान आकारावर ती गडद आणि मेलेली दिसते. एवढ्याशा वस्तूवर खोलीतला उजेड पडतो, खऱ्या गाडीवर मोकळं आकाश असतं. म्हणून रंग थोडा उजळावा लागतो. मात्र हिरव्यात पांढरा घालू नका, तो दुधाळ होतो. पिवळा किंवा बफ (फिका मातकट पिवळा) घातला तर हिरवा उन्हात विटल्यासारखा उजळतो. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं साधन) असेल तर गडद प्रायमरवर (रंगाखालच्या पहिल्या थरावर) पातळ हात देत जा, साधारण १५ ते २० पीएसआय दाबावर, आणि आडव्या पृष्ठभागांना उजळ छटा, खालच्या बाजूंना मूळ छटा ठेवा. ब्रशनेच रंगवत असाल तरी एका जाड हाताऐवजी तीन-चार पातळ हात द्या आणि छटांचं हेच काम पुढे तैलरंगांनी करा. टी-३४ चा टरेट ओतीव आहे, त्याचा पोत खरबरीत, आणि हलची प्लेट सपाट. दोन्हींवर तोच रंग वेगळा वाटला पाहिजे. ड्रायब्रश मी फक्त अशा ओतीव पोतावर वापरतो, तेही अगदी हलक्या हाताने. हलच्या प्रत्येक कडेवर ड्रायब्रश फिरवला की सगळी गाडी पिठात लोळवल्यासारखी होते.

डीकॅल (चिकटवायची छापील चिन्हं) लावायच्या जागी ग्लॉस म्हणजे चकचकीत वार्निश, नंतर संपूर्ण मॉडेलवर सॅटिन म्हणजे मंद चमकेचं. हा सॅटिनचा हात टाळू नका. मॅट पृष्ठभागावर वॉश शोषला जातो आणि डागाच्या कडा उमटतात. सॅटिनवर तो खाचेतून आपोआप धावतो.

वॉश काळा नको. हिरव्यावर गडद तपकिरी घ्या आणि पूर्ण गाडीवर फासू नका. बारीक ब्रशच्या टोकाने तो रिव्हेट, बिजागऱ्या, झाकणांच्या फटी, जोडाच्या रेषा एवढ्याच जागी सोडा. पंधरा-वीस मिनिटांनी व्हाइट स्पिरिटने (इनॅमल आणि तैलरंग पातळ करायच्या द्रावणाने) जेमतेम ओलसर केलेल्या ब्रशने उरलेला पुसून घ्या, उभ्या पृष्ठभागावर वरून खाली. खाली अक्रिलिक आणि वर इनॅमल किंवा तैलरंग, हा क्रम याचसाठी ठेवायचा: पूर्ण वाळलेल्या अक्रिलिकला व्हाइट स्पिरिट सहसा धक्का लावत नाही, त्यामुळे वरचं काम पसंत पडलं नाही तर पुसता येतं. एक सावधगिरी मात्र घ्या. रंग न लागलेल्या, ताणाखाली असलेल्या प्लॅस्टिकवर, विशेषतः चाकांच्या आसांवर, वॉशचं तळं साचू दिलं तर प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकू शकतं. खोलीची खिडकी उघडी ठेवा, स्प्रे करताना आणि पिगमेंटची (कोरड्या रंगाची) पूड झटकताना मास्क घाला.

तैलरंगांवर मी थोडा जास्त वेळ थांबेन, कारण शिकायला एकच गोष्ट निवडायची झाली तर मी हीच निवडेन. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून थोडा वेळ ठेवा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो, मग रंग मॅट वाळतो आणि लवकर वाळतो. मग गाडीच्या एका प्लेटवर बफ, गडद तपकिरी, फिका हिरवा यांचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके ठेवा आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने खालच्या दिशेने ओढत नाहीसे करा. नुसता हिरवा असलेला पत्रा उन्हापावसातला होतो. एकेका प्लेटला वेगळी छटा द्या, वरच्या कडेला उजळ, खालच्या कडेला गडद. हे काम सावकाश करायचं असतं आणि दिवसाला एक बाजू झाली तरी पुरे.

टवके दोन पायऱ्यांत करा. आधी मूळ हिरव्यापेक्षा फिकट हिरव्याने स्पंजच्या तुकड्याने किंवा बारीक ब्रशने वरवरचे ओरखडे काढा. मग त्यातल्याच काहींच्या आत, काठ शिल्लक ठेवून, काळपट तपकिरी ठिपका. चंदेरी रंग विसरा. उघडं पोलाद हवेत तपकिरी पडायला वेळ लागत नाही. जिथे सतत घासलं जातं तिथेच धातू लकाकतो, आणि त्यासाठी मऊ पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळणं सर्वांत चांगलं. टवके कुठे, हे माणसं ठरवतात: चालक ज्या झाकणातून आत-बाहेर करतो त्याच्या कडा, टरेटवरची झाकणं आणि हाताने धरायच्या कड्या, ज्या मडगार्डवर पाय देऊन चढतात ते, अवजारांच्या पेट्यांचे कोपरे. टरेटच्या उभ्या बाजूच्या मध्यावर कुणी चढत नाही.

हेअरस्प्रेची पद्धत तुम्ही व्हिडिओत पाहिली असेल. दोन रंगांच्या मध्ये हेअरस्प्रेचा थर द्यायचा आणि वरचा रंग ओला करून ब्रशने घासायचा. पाणी वरच्या पातळ अक्रिलिकमधून झिरपतं, हेअरस्प्रे विरघळतो आणि रंग सुटतो. उन्हाळी हिरव्या गाडीला याची गरज नाही. पण कधी हिवाळी पांढऱ्या रंगाचा रणगाडा केलात तर यासारखी पद्धत नाही, कारण तिथे खरं कारणही तेच होतं: तो पांढरा चुन्यासारखा, धुऊन जाणारा रंग होता आणि पाय, पाऊस, हात लागतील तिथून तो जात असे.

आता ट्रॅक, कारण खालची बाजू फसली की वरची मेहनत फुकट जाते. टी-३४ चं चालक चाक (इंजिनाच्या ताकदीने ट्रॅक ओढणारं चाक) मागे असतं आणि त्याला नेहमीसारखे दाते नसतात. दोन तबकड्यांमधले रोलर ट्रॅकच्या कड्यांवरच्या शिंगांना (आतल्या बाजूच्या उभ्या उंचवट्यांना) ढकलतात, आणि ही शिंगं एकाआड एक कड्यावर असतात. म्हणून आतल्या बाजूला घासून उजळायची ती शिंगं. चाकांना रबर असेल तर शिंगांच्या दोन्ही बाजूंचे पट्टे स्वच्छ आणि थोडे गुळगुळीत दिसतील; १९४२ च्या सुमारास रबराच्या टंचाईमुळे काही टी-३४ ना पोलादी कड्यांची चाकं लागली, तशी चाकं असतील तरच ते पट्टे लख्ख होतील. बाहेरच्या बाजूला जमिनीला टेकणारे उंचवटे पेन्सिलीच्या शिशाने चोळा. बाकी संपूर्ण ट्रॅक गडद, थंड तपकिरी, त्यावर मातीचा रंग. चालत्या गाडीच्या ट्रॅकवर नारिंगी गंज टिकत नाही, माती तो घासून नेते. चाकांचं रबर काळं करू नका, गडद राखाडी करा. रबर गंजत नाही, पण धूळ मात्र लगेच धरतं.

धूळ आणि चिखल यांत गोंधळ होऊ देऊ नका. कोरडी धूळ फिकट असते आणि आडव्या जागी, सांदीकोपऱ्यांत बसते. ओला चिखल गडद असतो, खालून वर उडतो आणि चाकांच्या मागे, मडगार्डच्या खाली, ट्रॅक जिथे वर वळतो तिथे साठतो. चिखल तीन थरांत करा: आधी जुना वाळलेला, फिकट आणि सर्वांत उंच पोचलेला, मग मधल्या छटेचा, कमी जागेत, शेवटी ताजा ओला, गडद, थोडी चमक असलेला, अगदी खाली. पिगमेंट व्हाइट स्पिरिटने ओलं करून बसवा, जाडी हवी तिथे थोडं प्लास्टर मिसळा. शिंतोड्यांसाठी ताठ ब्रश भरून त्यावर एअरब्रशची नुसती हवा मारा, वरचा भाग कागदाने झाकून. मातीचा रंग प्रदेशावर ठरतो. युक्रेनची काळी माती ओली असताना जवळजवळ काळी दिसते. एप्रिल-मे १९४५ च्या बर्लिनमध्ये पडलेल्या इमारतींची राखाडी धूळ आणि विटांचा लालसर चुरा जास्त, चिखल कमी. तुमच्या टरेटवर पांढरा पट्टा आणि छपरावर पांढरी फुली असेल, तर ती बर्लिनमधली विमानांसाठीची खूण आहे आणि तुम्ही कुठली माती वापरायची हे तिथेच ठरलं. पिगमेंटवर नंतर मॅट वार्निश मारू नका, अर्धं नाहीसं होतं.

अगदी शेवटी, बाजूंवरच्या गोल इंधनटाक्यांच्या तोंडाशी डिझेलचा एखादा चमकदार ओघळ आणि एक्झॉस्टच्या वर काजळी. एकच ओघळ काढा, तो नजरेत भरतो.

संदर्भ म्हणून संग्रहालयातल्या गाड्या पाहाल तर सांधे, बोल्ट, जागा यांसाठी पाहा. त्यांचा रंग बहुधा नव्याने दिलेला असतो आणि त्या चालत नाहीत. धूळ आणि झीज शिकायला युद्धकाळातली छायाचित्रं पाहा, आणि त्याहून चांगलं म्हणजे चालू कामावरचा बुलडोझर. ट्रॅक कुठे लकाकतो, कोरडी माती कुठे थांबते, ऑपरेटरच्या बुटांनी रंग कुठे गेलाय, सगळं पूर्ण मापात समोर असतं.

तुमचं आत्ताचं मॉडेल टाकू नका. वॉश आणि गंज इनॅमलचे असतील आणि वर वार्निश नसेल तर व्हाइट स्पिरिटने बराचसा निघेल. अक्रिलिकचे असतील तर निघणार नाहीत, पण मूळ हिरव्याच्या जवळच्या तैलरंगाचे पातळ थर देऊन नारिंगी दबवता येतो. चंदेरी टवक्यांवर काळपट तपकिरीचा ठिपका ठेवा आणि अर्ध्याहून जास्त टवके हिरव्याने बुजवून टाका. मग खालच्या अर्ध्या भागावर फिकट धुळीचा एक पातळ हात. आधी टरेटची एकच बाजू करून पाहा आणि दुसऱ्या बाजूला हात न लावता दोन्ही शेजारी शेजारी पडताळा.