मलिदा तनाखमध्ये कुठे लिहिलाय

सारा बाळा,

शुक्रवारी जेवताना तू विचारलंस आणि मी 'आधी जेव' म्हणून विषय बदलला, ते तुझ्या लक्षात आलंय हे मला माहितीये. तुझ्या बात मित्स्वाच्या, म्हणजे बारा वर्षं पूर्ण झाल्याच्या सोहळ्याच्या, आधी घरी मलिदा करूया म्हटलं, आपला गोड पोह्यांचा आणि फळांचा, एलियाहूच्या नावानं आभार मानायचा विधी, तर तू म्हणालीस, आई, हे तनाखमध्ये, आपल्या धर्मग्रंथात, कुठे लिहिलंय? वर्गातल्या मुलीनं मागच्या मलिद्याचा फोटो बघून विचारलं म्हणे, ही हिंदूंची पूजा आहे का. आणि मग हळूच, 'आपण खरे यहुदी आहोत ना?'

ते लागलं मला. तुझा राग नाही आला, पण आजीच्या मोठ्या बहिणीची आठवण आली. ती अलिबागहून इथे इस्राएलला आली आणि तिचं लग्न ठरलं तेव्हा इथले रब्बी, म्हणजे धर्मगुरू, हेच विचारत होते, आई कोण, आईची आई कोण, कागद दाखवा. आपली माणसं जेरुसलेमला जाऊन धरणं धरून बसली, लहान मुलं मांडीवर घेऊन, आणि शेवटी 1964 मध्ये क्नेसेतला, इथल्या संसदेला, ठराव करून सांगावं लागलं की बेने इस्राएल, म्हणजे आपण कोकणातले यहुदी, सगळ्या बाबतीत यहुदीच आहेत. आजीची बहीण म्हणायची, ठराव झाला ते बरं झालं, पण मी आदल्या दिवशीही तीच होते.

आता कुठे लिहिलंय ते. मलिदा हा शब्द तनाखमध्ये नाही. तोरातलं तिसरं पुस्तक वायिक्रा, त्याच्या दुसऱ्या अध्यायात मिन्हा म्हणजे देवाला वाहायचं अन्न आहे, पीठ, तेल आणि धूप, आणि आपल्यातले बरेच जण म्हणतात मलिदा त्यावरूनच आला. मीही लोकांना तेच सांगायचे, पण मनापासून खात्री नाही गं. शब्द फारसी आहे, कोकणातले मुसलमानही मलिदा करतात, आणि आम्ही सिनेगॉगला मशीद म्हणायचो, उपासाला रोजा. तिशा बेआव, जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुःखाचा उपास, जो तुम्ही शाळेत शिकता, तो आमचा बिरड्याचा रोजा, वालाचं बिरडं खायचो म्हणून. योम किप्पुर, पापांची माफी मागायचा उपास, म्हणजे दारफळणीचा सण, घराचं दार बंद, सगळे पांढऱ्या कपड्यांत. इथे त्या दिवशी रस्ते मोकळे होतात आणि तुम्ही पोरं सायकली काढता, तेव्हा मला दर वर्षी ते बंद दार आठवतं, बाहेर आळीत शेजाऱ्यांचा रोजचा दिवस चाललेला आणि आत आजोबा भिंतीला टेकून काही न बोलता बसलेले. भीती वाटायची थोडी. आवडायचंही.

अलिबागच्या आमच्या इस्राएल आळीत मलिदा असला की सकाळपासून मी आजीच्या मागे मागे. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम, वर गुलाबाच्या पाकळ्या, बाजूला पाच फळं. खोबरं खवताना आजी एलियाहू हन्नाबीची, रथातून स्वर्गात गेलेल्या संदेष्ट्याची, गोष्ट सांगायची, आणि मला ती सगळी आमच्याच गावात घडली असं वाटायचं कारण अलिबागजवळ खंडाळ्याला खडक आहे ना, तिथे त्याच्या घोड्यांच्या टापा उमटल्यात, रथाच्या चाकाचा ठसा आहे, तू लहान असताना त्यावर हात ठेवलायस. 'तू बिश्वात' या झाडांच्या सणाला आम्ही एलियाहू हन्नाबीचा उरूसच म्हणायचो. मोठेपणी हिब्रू शिकल्यावर तनाखमधलं मेलाखीम, राजांचं पुस्तक, वाचलं तेव्हा कळलं की रथ तर तिकडे यार्देन नदीच्या काठी आला होता. वाईट वाटलं मला. खरंच रडले.

पण त्याच पुस्तकात सारफातची विधवा आहे बघ, दुष्काळात एलियाहू तिच्याकडे भाकरी मागतो, तिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडंसं तेल, आणि मग मडक्यातलं पीठ संपत नाही, कुपीतलं तेल आटत नाही. हे आजी सांगायची तेव्हा 'तेल' शब्दावर तिचा आवाज बदलायचा. आपण शनवार तेली ना. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावानं दिलेलं नाव ते, आणि त्या काळात आपल्याकडे सेफेर तोरा, हातानं लिहिलेली तोराची गुंडाळी, नव्हती, कुणाला हिब्रू येत नव्हतं, फक्त 'शेमा इस्राएल' ही प्रार्थना तेवढी पाठ. पणजोबांच्या घाण्याचा दगड मागच्या पडवीत पडलेला होता, त्यावर बसून आम्ही बोरं खायचो. ती विधवा मला आमच्याच घरातली वाटते अजून. शाळेत तुम्हाला परीक्षेला ती गोष्ट असेल, त्यात हे नसणार.

अजून एक आहे. एलियाहू पळून डोंगरावर जातो, वारा येतो, भूकंप, आग, देव कशातच नसतो, आणि मग 'कोल दमामा दका', अगदी बारीक, जवळजवळ नसलेला आवाज. याचा अर्थ मला कुणी रब्बीनं नाही सांगितला. मलिद्याच्या वेळी गाणं संपल्यावर हजान, प्रार्थना म्हणणारे, खजूर उचलायचे आणि 'बोरे पेरी हाएत्स', झाडाच्या फळाची प्रार्थना, म्हणायच्या आधी क्षणभर सगळे गप्प व्हायचे, पंचवीस माणसं एका खोलीत, फक्त वेलचीचा वास. तेवढंच.

ताटातला खजूर तोरातल्या सात पिकांमधला आहे म्हणतात, आणि नारळ अलिबागचा. तुझ्या मैत्रिणीला हे सांग किंवा नको सांगू. तिला बोलाव असंही मी म्हणत नाही, तुला अवघड वाटत असेल तर मलिदा आपल्या आपल्यातच करू, आणि अगदीच नको असेल तर तेही सांग, मी रागावणार नाही. थोडं वाईट वाटेल, ते लपवत नाही.

नारळ आणलेत. पोहे गुरुवारी संध्याकाळी भिजवीन. खजुराचं ताट आमच्याकडे घरातली सगळ्यात लहान मुलगी फिरवायची.

तुझी आई