इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं आवरण, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असेल, तर दात घासून झिजतात कसे?

'एवढं कठीण इनॅमल, ते राखुंडीने झिजेल होय?' हा राखुंडीने (राखेच्या दंतमंजनाने) दात घासणाऱ्या तुमच्या वडिलांचा सवाल वाचला आणि आमच्या नणंदेचे यजमानच डोळ्यांपुढे उभे राहिले. म्हणून लिहायला बसले.

मी ओरल पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे दात-तोंडाच्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारी. भाऊजींच्या भाषेत 'दातांची डॉक्टर, पण दात काढत नाही.' त्यांचा फरशी पॉलिशचा धंदा, आणि राखुंडीवर अढळ श्रद्धा. गणपतीत जेवणं झाली की ठरलेलं: "वहिनी, सगळ्यात कठीण वस्तू ना ती? मग राखेला कशाला घाबरता?" आणि सगळं घर हसणार.

पुढे त्यांची अक्कलदाढ काढावी लागली (मी नाही काढली, अर्थात). ती मी मागून घेतली आणि तिचा ग्राउंड सेक्शन केला. दाढेचा उभा काप घ्यायचा, तो कार्बोरंडमच्या खरखरीत दगडावर पाणी सोडत घासायचा, मग अर्कान्सास या बारीक पोताच्या दगडावर, खालचं छापील अक्षर वाचता येईल इतका पातळ होईपर्यंत. बोटांची कातडी सोलते. आणि नेमकं संपत आलं की कडेच्या इनॅमलचा टवका टचकन उडतो. त्याच्या आतला मऊ थर, डेंटिन, मात्र शाबूत. कठीण असणं आणि चिवट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे बोटांनाच कळतं.

भाऊजींना सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. इनॅमल वजनाने सुमारे 96 टक्के खनिज, पण ते एकसंध नसतं. साधारण 5 मायक्रॉन जाडीचे लांबच लांब दांडे, म्हणजे प्रिझम, डेंटिनपासून पृष्ठभागाकडे निघालेले. एकेका दांड्यात हायड्रॉक्सीॲपेटाइट या कॅल्शियम-फॉस्फेट खनिजाचे हजारो स्फटिक. आतल्या भागात हे दांडे गटागटाने दिशा बदलतात, एकमेकांना ओलांडून जातात. तिरका प्रकाश टाकला की त्याचेच काळे-पांढरे पट्टे दिसतात, हंटर-श्रेगर पट्टे. भेग दोन दांड्यांमधून पळते. दांडे आडवे आले की तिला वळावं लागतं आणि तिचा जोर संपतो. सुपारी फोडूनही दाढ उभी फुटत नाही ती यामुळे. दाढेच्या टोकांखाली तर हा गुंता सर्वांत जास्त, कारण मार तिथेच बसतो.

झिजेचंही तसंच. दांड्यांची टोकं घासणाऱ्या पृष्ठभागाला भिडलेली असली तर ती बराच काळ टिकाव धरतात. तेच दांडे आडवे पडलेले असले तर लवकर सुटून येतात. गेंड्याच्या दाढांत तर हे पट्टे उभे असतात, त्यामुळे दाढ झिजतानाही तिच्यावर कंगोरे राहतात. असो, हा माझा आवडता विषय आहे, आवरते.

"एवढं भारी काम आहे तर मग झालंच की," भाऊजी म्हणाले. नाही झालं. ही वीण भेगा अडवते, खरवडणं नाही. खनिजांचा कठीणपणा सांगणाऱ्या मोहच्या मापावर ॲपेटाइट, म्हणजे इनॅमलच्या जातीचं खनिज, 5; क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, 7. राखुंडी भाताच्या तुसाच्या राखेची असेल, तर तिच्यात बहुतेक सगळी सिलिकाच असते. कुठला ग्रिट कशावर चालतो हे ज्याला रोज लागतं, त्याला हे मी सांगावं? संगमरवरावर लिंबू सांडलं की डाग पडतो आणि पॉलिश जातं हेही त्यांना पाठ. इनॅमलचं रसायन वेगळं, पण पीएच (आम्लतेचं माप, जितकं कमी तितकं आम्ल जास्त) सुमारे 5.5 च्या खाली गेला की तेही विरघळू लागतं. मऊ पडलेला थर मग साधा ब्रशही ओढून नेतो. एरवी ब्रशच्या नुसत्या नायलॉनने इनॅमलला फारसं काही होत नाही. आणि गेलेलं इनॅमल परत येत नाही, ते घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपलेल्या असतात.

यावर त्यांचं ठेवणीतलं अस्त्र: आजोबा. नव्वदीत सगळे दात शाबूत, आयुष्यभर राखुंडी. अहो, शाबूत होते, पण दाढा सपाट झाल्या होत्या, मी पाहिल्यात. जात्याच्या दगडाची कच भाकरीतून, वर राख. किडले नाहीत कारण साखर नव्हती. याचं श्रेय राखुंडीला देणाऱ्यांशी वाद घालून मी थकले आहे.

तर, मऊ ब्रश, हलका हात. लिंबू, चिंच, कोल्ड्रिंक झालं की चूळ भरा, अर्धा तास थांबून घासा. हिरडीजवळ इनॅमल अगदी पातळ असतं आणि खालचं डेंटिन कठीणपणात त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकं. आडवं खसाखसा घासणाऱ्यांच्या खाचा तिथेच पडतात.

हे सगळं निरोगी इनॅमलबद्दल. रात्री दात खाणारे, ॲसिडिटीवाले यांचं गणित निराळं. यवतमाळ-चंद्रपूरकडे जिथे पाण्यात फ्लुओराइड जास्त, तिथे फ्लुओरोसिसचं, म्हणजे त्या जास्तीच्या फ्लुओराइडने बिघडलेलं, इनॅमल आतून सच्छिद्र असतं, त्याचे टवके उडतात.

वडिलांना पावडर ओली करून काचेच्या तुकड्यावर रगडायला सांगा. काच इनॅमलपेक्षा किंचित कठीणच, म्हणजे काचेवर चरे उठले तर दातावर उठणारच. (नाही उठले म्हणून पावडर निर्धोक ठरत नाही, डेंटिन कितीतरी मऊ.) भाऊजींना मी काच नेऊन दिली होती. ती त्यांनी शोकेसला बसवली.